अळवाचं पाणी

वांगण्यात कुणाच्याही दारात जा, आधी पाण्याचा तांब्या येतो आणि मग तुम्ही कशासाठी आलात ते विचारतात. हर्षदा तोडकरला मात्र कित्येक महिन्यांत कुणी पाणी विचारलं नव्हतं. तिच्या गळ्यात नगरपरिषदेचं ओळखपत्र असायचं, त्यावर ‘मलजल निरीक्षक’ असं छापलेलं होतं, आणि गाव तिला ‘जिभवाली बाई’ म्हणायचं. ती फाटकाशी दिसली की घरातली माणसं मनातल्या मनात आठवायला लागायची, काल मोरीत काय ओतलं, परवा संडासात काय टाकलं. त्या नादात पाणी विचारायचं राहूनच जायचं. ती आपली बाटली पिशवीत घालून हिंडायची. सुरुवातीला तिला त्याचं वाईट वाटायचं. आता वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला होता.

‘जीभ’ म्हणजे तळहाताएवढी चकती. घराचं सांडपाणी जिथून गटारीला लागतं, त्या चेंबरमध्ये ती बसवलेली असते. तिच्यावर जिवाणूंचा सायीसारखा पातळ थर असतो आणि त्या थराचे पट्टे पाडलेले असतात. प्रयोगशाळेत हे जिवाणू असे घडवलेत की एका पट्ट्यातल्यांना एकच पदार्थ ओळखता येतो. कुणाला कापडाचा रंग, कुणाला जंतुनाशकं, कुणाला कर्करोगावरची पेशी मारणारी औषधं. ओळखीचा पदार्थ येऊन चिकटला की तो पट्टा हिरवट उजळतो, चकतीतला डोळा तो उजेड मोजतो आणि आकडा थेट कचेरीत येतो. जोडीला क्षार, युरिया, साबण यांचीही मापं येतात, म्हणजे आलेला माल दाट की पातळ, हेही बसल्या जागी कळतं.

हा खटाटोप उगीच सुरू झालेला नव्हता. गावाचा मैला शुद्ध करणारा प्रकल्पसुद्धा जिवाणूंच्याच जिवावर चालतो. घाण खाऊन संपवायचं काम तेच करतात. कर्करोगावरची औषधं गोळ्यांत आली, माणसं घरच्या घरी उपचार घ्यायला लागली, आणि गोळीतलं बरंचसं औषध जसंच्या तसं लघवीवाटे गटारीत यायला लागलं. रुग्णालयाचं सांडपाणी तपासायची सोय होती, घराघरांचं कोण तपासणार? एका उन्हाळ्यात प्रकल्पातले जिवाणू मेले. मैला तसाच नदीत गेला आणि खालच्या अंगाच्या गावांत लहान मुलं दगावली. हर्षदा तेव्हा नमुने गोळा करायला त्या गावांत हिंडली होती. त्यामुळे नियम चुकीचा आहे असं म्हणायची तिची कधी हिंमत झाली नाही.

नियम तसा साधा होता. असली औषधं घेणाऱ्यानं कचेरीत नाव नोंदवायचं, मग त्याच्या घरी वेगळं भांडं आणि पिवळी टाकी बसते, टाकीतलं गाडी येऊन नेते आणि भट्टीत जाळते. नोंदवलं नाही तर घराची जोडणी बंद. पण टाकी चांगली ढळढळीत पिवळी होती, आणि गाडीची नळी पोचावी म्हणून ती दर्शनी बाजूलाच बसवावी लागायची. पिवळ्या टाकीच्या घरी कुणी पोरगी द्यायला तयार नव्हतं, की त्यांच्या दुकानातला जिन्नस घ्यायला. गेल्या वर्षी माळी गुरुजींच्या पत्नीसाठी टाकी बसवायची वेळ आली, तेव्हा गुरुजींनी हात जोडले होते. “मागच्या दारी बसवा, बाई. पुढं माझा शिकवणीचा वर्ग भरतो.” हर्षदानं नियमात बसत नाही म्हणून सांगितलं. खरंच बसत नव्हतं. वर्ग महिनाभरात बंद पडला.

त्या मंगळवारी बागवान साहेबांनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं आणि पडद्यावरचा एक घर क्रमांक दाखवला. हा मनुष्य सहसा बोलताना चहा पीत असतो. त्या दिवशी चहा तसाच निवत होता.

“तोडकर मॅडम, हा तुमचाच नंबर ना?”

तिच्याच घराचा होता. औषधाचा पट्टा उजळला होता, एकदा नाही, गेले आठ दिवस रोज पहाटे. माल विलक्षण दाट होता. सोबत शिकेकाईचा फेस, आणि मैला नाही. म्हणजे हे संडासातून आलेलं नव्हतं, मोरीतून आलेलं होतं.

“आमच्या मोरीचं पाणी गटारीला नाही जात, साहेब. परसात अळवाला जातं.”

“रस्त्याच्या कामात जोडलं असेल की. तुमच्या गल्लीत गेल्या दिवाळीच्या सुमारास काम झालंय.” बागवान आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, जीभ बिघडली असं मी लिहितो. नवी यायला वेळ लागतो. तोवर काय ते आवरा. एवढी नोकरी केलीय तुम्ही.”

ते मनापासून बोलत होते, हीच अडचण होती. हर्षदा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. बाहेर येऊन तिनं दिगंबरला, नवऱ्याला, फोन लावला. तो घरच्या खानावळीच्या डब्यांचा टेम्पो घेऊन एमआयडीसीच्या रस्त्यावर होता.

“मोरीचा पाइप गटारीला जोडलाय का आपला?”

“जोडला की. ठेकेदाराचा माणूस म्हणाला फुकटात जोडून देतो, म्हटलं दे. का गं?”

“सहज,” ती म्हणाली.

घरात माणसं तीन. ती, दिगंबर आणि त्याची आई मालनबाई, जिला ती आत्ती म्हणायची. भाकऱ्या थापायला येणाऱ्या बायका चांगलं उजाडल्यावर यायच्या. पहाटे मोरीत शिकेकाईनं न्हाणारं माणूस घरात एकच होतं. हर्षदाला ते कचेरीतच कळलं होतं, तरी गाडी चालवताना ती दुसरं कुणी असू शकेल का याचा विचार करत राहिली.

आत्तींची खानावळ म्हणजे वांगण्यातलं एक प्रस्थ. कारखान्यांतली माणसं त्यांच्या डब्यावर अडून बसलेली असायची. पण या हिवाळ्यापासून आत्तींनी पिठाला हात लावायचं सोडलं होतं. त्या उंबऱ्यापाशी पाट टाकून बसायच्या आणि तिथूनच आमटीत मीठ किती, भाकरी कुठं करपली ते सांगायच्या. ताट वेगळं, पेला वेगळा, तेही स्वतःच घासायच्या. हर्षदाला वाटलं होतं, सासूबाई रुसल्यात. विचारलं तर “वय झालं आता” म्हणायच्या. अधूनमधून गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जायच्या, पण पूर्वी वाडीहून येताना हमखास बासुंदी यायची, ती यायची बंद झाली होती. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. गावभरच्या घरांतलं आतलं-बाहेरचं ओळखणाऱ्या बाईला आपल्या घरातली बासुंदी बंद झाल्याचं कारण विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि आता ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

ती घरी पोचली तेव्हा डबे गेले होते आणि बायका भांडी घासत होत्या. आत्ती परसातल्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा सुकलेला, ओठांना भेगा. हर्षदानं माठातून तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

“प्या, आत्ती.”

“तहान न्हाई.”

“औषध कधीपासून घेताय?”

आत्तींनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.

“आधी ते काढून ठेव. मग इचार.”

हर्षदानं ओळखपत्र काढलं आणि दाराच्या खिळ्याला अडकवलं. मग ती त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबल्यावर आत्तींनी तोंड उघडलं. त्या माहेरच्या वळणानं स्वतःबद्दल जातो-येतो असंच बोलायच्या.

“दिवाळी झाली आन् गाठ हाताला लागली. वाडीला जातो म्हणून मी मिरजंला उतरत हुतो. गोळ्या तिथल्याच.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तुलाच कसं सांगू? दुसऱ्या कुणाची सून असतीस तर सांगितलं असतं. तुला कळलं की तुला लिवायला पायजे. न लिवलं तर तुझी नोकरी जाती, लिवलं तर माझी खानावळ. तुला कशाला पेचात पाडू?”

आपल्यापासून माणसं लपवतात, याची हर्षदाला सवय होती. आपल्यासाठी कुणी लपवेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“तुझी जीभ संडासाच्या वाटंवर,” आत्ती म्हणाल्या, “आन् मोरीचं पानी अळवाला. म्हणून लगवीला मोरीत जात हुतो. वरनं बादलीभर पानी ओतायचं. पर तेबी चुकलंच बघ.” त्यांनी परसाच्या कोपऱ्याकडे हात केला. “सगळा अळू जळला.”

कोपऱ्यात एकेकाळी सुपाएवढी पानं डोलायची. तिथं आता पिवळे, सुकलेले देठ आडवे पडले होते.

“माझ्या अंगातनं ईख जातंय, पोरी, जहर. एवढा जुना अळू, दुष्काळात जळला न्हाई, तो माझ्या पाण्यानं जळला. तवापास्नं मी पिठाला शिवलो न्हाई. लोकांच्या पोरांच्या पोटात जायाचं असतंय ते. आन् पानी बी कमी केलं. कमी प्यालं तर कमीच भाईर पडंल.”

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“भरपूर पी म्हणत्यात. त्यांचं काय जातंय.”

रोज पहाटेचा तो दाट माल म्हणजे काय, हे आता हर्षदाला नीट कळलं; पातळ होतं तोवर ते पट्ट्याला लागत नव्हतं, दाट झालं तसं लागलं. ही औषधं पाण्यासोबत झटकन बाहेर पडावी लागतात. ती आत साठून राहिली तर मूत्रपिंडं खलास होतात. कचेरीतल्या पडद्यावर तिनं आकडा पाहिला होता. तो आकडा म्हणजे तहान मारून बसलेली ही बाई होती.

ती उठली आणि मोरीच्या मागच्या भिंतीपाशी गेली. जिथून पूर्वी पाणी अळवाकडे पडायचं, ती पन्हळ अजून तशीच होती. “इकडे या,” ती म्हणाली. आत्ती भिंत धरत धरत आल्या.

“बोट घाला आत.”

आत्तींनी बोट घातलं. आत कोरडी ठणठणीत माती, कोळ्याचं जाळं, आणि त्याच्यामागे सिमेंटचा बोळा.

“दिवाळीत रस्ता झाला तेव्हा हे बुजवलं. मोरीचं पाणी तेव्हापासून गटारीला जातंय. दिगंबरनं हो म्हटलं आणि विसरून गेला. तुमचं औषध अळवापर्यंत पोचलंच नाही, आत्ती. अळू जळलेला नाही. त्याला पाणीच मिळालेलं नाही.”

आत्ती पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत राहिल्या. मग पायरीपाशी आल्या, तो भरलेला तांब्या उचलला आणि सगळा त्या सुकल्या देठांच्या बुडाशी ओतला. हर्षदानं दुसरा भरून आणला. तो त्या प्यायला लागल्या, अर्ध्यावर थांबल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या,

“पीन गं. पर आता हे टाकू कुठं?”

बागवानांना काय सांगायचं ते हर्षदाला तिथं कळलं. जीभ बिघडली असं लिहिता आलं असतं. पण मग ही बाई पुन्हा आडून आडून, थेंब थेंब मोजत जगली असती. चोरून कुणाला पोटभर पाणी पिता येत नाही. आणि मागच्या दारी टाकी मागणारे गुरुजी तिला आठवले. त्यांना नाही म्हणून स्वतःला हो म्हणायचं, म्हणजे खालच्या गावांतल्या त्या मुलांची नावं घेऊन नियम सांगायचं तोंड उरलं नसतं.

दिगंबर संध्याकाळी आला आणि त्याला सगळं सांगितलं. तो आधी आईच्या पायाशी बसून राहिला. मग स्वयंपाकघरात येऊन हर्षदावर घसरला.

“आपल्याच दारात आपणच टाकी लावायची? खानावळीच्या दारात? बागवान सांभाळून घेतो म्हणतोय ना?”

“म्हणतोय.”

“मग? एका घरानं काय प्रकल्प मरतोय?”

“हे मला प्रत्येक घरात ऐकवतात.”

“तू नोकरी वाचवतीयेस.”

ते तिला लागलं. ती वादात पडली नाही. “आत्तींना दिवसभर पाणी प्यायचंय,” ती म्हणाली. “दर घोटाला भ्यायच्या तर त्या पिणार नाहीत. तुला दुसरा मार्ग दिसत असेल तर सांग.” त्याला दिसत नव्हता. दिसत नव्हता म्हणूनच त्याचा राग तिच्यावर राहिला, आणि पुढं बरेच दिवस तो तिच्याशी डब्यांपुरतं आणि औषधापुरतं बोलत होता.

टाकी आली. बसवणारी माणसं हर्षदाच्याच हाताखालची. त्यांनी मान वर न करता काम केलं. गल्लीतली खिडकी न् खिडकी उघडी होती. भाकऱ्या थापणाऱ्या दोघींपैकी एक दुसऱ्या दिवशी आली नाही. दुसरी, कमळ, आली, टाकीला वळसा घालून आत शिरली आणि नेहमीसारखी परात ओढून बसली. आत्तींनी बऱ्याच दिवसांनी पिठाला हात घातला, पण थापायला पूर्वीइतक्या भाकऱ्याच उरल्या नव्हत्या. कारखान्यांतून एकेक निरोप येत गेला. कुणाला घरचं जेवण मिळायला लागलं होतं, कुणाला पोटाचा त्रास होता. खरं कारण कुणीच सांगितलं नाही. टेम्पो अर्ध्याहून रिकामा जायला लागला आणि दिगंबर रिकाम्या डब्यांची रांग बघून रोज एकदा टाकीकडे बघायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून आत्तींना चांगलं फैलावर घेतलं. मूत्रपिंडं थकलेली होती, पण अजून तगून होती. वेळेत आलात असं काही ते म्हणाले नाहीत. आता तरी प्या, एवढंच म्हणाले. आत्ती प्यायच्या, पण हर्षदानं तांब्या पुढं केल्यावरच. स्वतःहून कधी नाही. मनात बसलेलं ईख इतक्या लवकर धुऊन जाणारं नव्हतं. स्वयंपाकघरातलं तांदूळ धुतलेलं पाणी मात्र त्या न चुकता अळवाला नेऊन घालायच्या.

एका रविवारी दुपारी माळी गुरुजी आले. हर्षदा पुढच्या सोप्यात होती. ते फाटकाशी थांबले, टाकीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. हर्षदाला वाटलं, आता हा माणूस काय बोलायचं ते बोलणार. त्याला तेवढा हक्क होता.

“डबा लावायचाय,” गुरुजी म्हणाले. “एका माणसाचा.”

“एका?”

“आमची ही गेली. शिमग्याच्या आधी.” ते सोप्याच्या कडेला टेकले. “बाकीच्या खानावळी आमच्याकडे डबा पोचवत नाहीत. टाकी दिसते ना. तुमच्या दारात बघितली, म्हटलं आता इथं विचारायला हरकत नाही.”

त्या बाई गेल्या हे हर्षदाला माहीत नव्हतं. टाकी बसल्यापासून त्यांच्या घराचा पट्टा उजळतच नव्हता. त्या असताना आणि गेल्यावरही पडद्यावर ते घर नुसतं ‘ठीक’ म्हणूनच दिसलं असेल. “टाकी अजून तिथंच आहे?” तिनं विचारलं. “मी उद्या माणसं पाठवते.”

“सावकाश पाठवा. आता कुणासाठी घाई करायची?” गुरुजी म्हणाले. “तुम्ही त्या दिवशी आला होता, तेव्हा ती आतून तांब्या घेऊन निघाली होती. मीच तिला दारात अडवलं. म्हटलं, त्या बाईला कशाला पाणी द्यायचं. नंतर ती मला बोलली त्यावरून. दारात आलेल्या माणसाला, म्हणे.”

आत्ती आतून सगळं ऐकत असाव्यात. त्या तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आल्या आणि गुरुजींच्या समोर बसल्या. “पथ्य काय हाय तुमास्नी?” त्यांनी विचारलं.

“तिखट कमी. बाकी काही नाही.”

“डबा जाईल. उद्यापास्नं.” आत्तींनी दोन पेले भरले. एक गुरुजींपुढं सारला आणि एक स्वतः उचलून, कुणी काही म्हणायच्या आत, सगळा पिऊन टाकला. मग पुन्हा भरला.

हर्षदा तशीच दाराला टेकून उभी होती. गुरुजी पाणी प्यायले, मग त्यांनी तांब्या हातात घेतला, उरलेल्या पेल्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि तो तिच्यापुढं धरला.

“घ्या,” ते म्हणाले. “बसून घ्या.”

ती खाली बसली आणि तिनं पेला घेतला. पाणी माठातलं होतं, थंड होतं. तिनं ते संपवलं आणि रिकामा पेला पुन्हा पुढं केला.